जुहूचे एरोड्रोम

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. पार्ल्याच्या पश्चिमेला असलेली आमची इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची आणि पन्नाशी उलटलेली आहे. पुनर्बांधणीचा विषय गेली कित्येक वर्षे प्रत्येक सभेत निघतो आणि एकाच ठिकाणी येऊन अडतो. जुहूच्या विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. त्यामुळे विकासकाला वाढीव मजले मिळत नाहीत. म्हणून विकासक फिरकत नाही. या वेळी एका तरुण सभासदाने विचारले, "दिवसाला चार हेलिकॉप्टरे उडतात, त्यांच्यासाठी एवढी जमीन अडवून ठेवायची कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरापर्यंत पोहोचायला आईला आता दोनदा जिन्यात बसावे लागते. तळमजल्यावर राहणारा माझा मामा शेजारीच बसला होता. तो मात्र काही बोलला नाही.

त्याच्या गप्प बसण्याने मला या जागेविषयी नव्याने विचार करायला लावले. ज्याला पार्लेकर अजूनही 'जुहू एरोड्रोम' म्हणतात, त्याचा इतिहास आपल्याला बहुधा एका कथेच्या रूपात ठाऊक असतो. १९२८ साली जुहूच्या सपाट, दलदलीच्या जमिनीवर हा विमानतळ सुरू झाला. भारतातला नागरी विमानवाहतुकीचा हा पहिला तळ. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटा यांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून एकच इंजिन असलेले 'पस मॉथ' विमान टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाले. विमानात रेडिओ नव्हता आणि जुहूला पक्की धावपट्टीही नव्हती. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होई, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे.

ही कथा खरी आहे आणि सुंदरही आहे. तिला नायक आहे, संकट आहे, यश आहे. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डीं.नी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले, तेव्हा तिला शोभेसा समारोपही मिळाला. मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी विमाने सांताक्रूझला गेली आणि जुहू मागे पडले. त्यानंतर त्याचे नाव बातम्यांत येई ते बहुतेक चुकीच्या संदर्भात. १९५३ च्या जुलैत एक कॉमेट जेट आणि १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या आणि एकमेकींपासून जवळ. पण सांताक्रूझची धावपट्टी आज साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, जुहूची सव्वा किलोमीटरही नाही. डीसी-८ धावपट्टी ओलांडून पुढे गेले. गमतीदार आठवणींच्या सदरात हे किस्से अधूनमधून छापले जातात आणि जुहूचा इतिहास तेथेच संपतो.

मामाचा इतिहास मात्र त्यानंतर सुरू होतो. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल सापडले. तेथे माणसे नेण्या-आणण्यासाठी हेलिकॉप्टरे हवीत आणि हेलिकॉप्टरांना किनाऱ्यालगतची जागा हवी. हेलिकॉप्टर एका वेळी ठरावीकच वजन उचलते. अंतर वाढले की इंधन वाढते आणि तेवढी माणसे कमी होतात. म्हणून उड्डाणापूर्वी सामानाबरोबर माणसाचेही वजन करतात. मामा तेल कंपनीत तंत्रज्ञ होता. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी, असे त्याचे आयुष्य गेले. सकाळी बॅग घेऊन तो रिक्षाने जुहूला जाई, काट्यावर उभा राही आणि जीवनरक्षक जॅकेट चढवून निघे. मामी हेलिकॉप्टरच्या आवाजावरून ते जाते आहे की येते आहे हे सांगत असे. आम्हा मुलांना त्याची मोठी मौज वाटे.

११ ऑगस्ट २००३ रोजी जुहूहून निघालेले एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. २७ जण गेले. मामाची पाळी दुसऱ्या दिवशीची होती. त्या संध्याकाळी आमच्या घरात फोन एकसारखा वाजत होता आणि प्रत्येक वेळी मामीच तो उचलत होती. अपघात पुढेही झाले. जानेवारी २०१८ मध्ये आणि जून २०२२ मध्येही माणसे गेली. मामा त्या घटनेनंतर आठवडाभराने ड्यूटीवर गेला. त्याविषयी तो कधीच बोलला नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

भविष्याची चर्चा ऐकताना हे सारे आठवते. जुहूच्या भविष्याबद्दल बोलणारे दोन प्रकारचे लोक मला भेटतात. काहींना ही जागा मोठी करायची असते. धावपट्टी थेट समुद्रात वाढवण्याचा विचार काही वर्षांपूर्वी पुढे आला होता. इतरांना ती मोकळी करून हवी असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून 'आता जुहूची गरज काय' हा प्रश्न आमच्या जिन्यातही ऐकू येतो. दोन्ही बाजूंचे बोलणे आजच्या जुहूला रिकामे समजूनच सुरू होते. धावपट्टीच्या टोकांपासून एक अदृश्य उतरते छत आजूबाजूच्या वस्तीवर पसरलेले असते. इमारतींनी त्याच्या खालीच राहायचे असते. आम्हाला त्या छताची अडचण दिसते. त्याखालून खराब हवेत उतरणारी माणसे दिसत नाहीत.

मी साहित्य शिकवतो. एखाद्या आख्यानात कोण बोलते आणि कोणाला बोलू दिले जात नाही, हा प्रश्न मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांपुढे ठेवत आलो आहे. जुहूच्या इतिहासाला नायक मिळाला, भविष्याला गिऱ्हाईक मिळाले. पंधरवड्याची बॅग घेऊन काट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला दोन्हींत जागा नाही. वर्गात हे माझ्या सहज लक्षात आले असते. सभेत मी मान डोलावली, कारण तेथे माझा स्वार्थ होता. हा स्वार्थ खोटा आहे असे मी म्हणणार नाही. आईचे गुडघे खरे आहेत.

सभेनंतर मी मामाला विचारले, "तू काहीच का बोलला नाहीस?" तो म्हणाला, "ताईला लिफ्ट मिळायलाच हवी. पण आमची मुलं उतरणार कुठे, ते कोणी सांगितलं नाही, म्हणून थांबलो." 'आमची मुलं' म्हणजे आज त्या प्लॅटफॉर्मवर काम करणारी, त्याला नावानेही ठाऊक नसलेली माणसे.

पुढच्या सभेत हा विषय पुन्हा निघेल. उंचीची मर्यादा शिथिल करण्यासाठी अर्ज करायचा झाला, तर मी सही करीन. विमानतळ हटवण्याच्या मागणीवर मात्र, मामाच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत, करणार नाही. तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, एवढे मी सेक्रेटरींना कळवले आहे.