थांबलेले बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे मराठीत म्हटले जाते तेव्हा त्यात थोडी थट्टा असते आणि थोडी कणवही. ज्याला ठावठिकाणा नाही, त्याच्याविषयीची ती कणव होय. अमेरिकेत मात्र पाठीवरचे बिऱ्हाड हेच सुखाचे एक रूप मानले गेले. ‘मोटारहोम’ म्हणजे स्वयंपाकघर, बिछाना आणि न्हाणीघर पोटात घेऊन इंजिनाच्या बळावर चालणारे घर. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि त्याचा परिसर हे या उद्योगाचे माहेरघर. करोनाच्या साथीत बंदिस्त झालेल्या माणसांना मोकळ्या रस्त्याची ओढ लागली आणि २०२१ साली मोटारहोम व मोटारीमागे ओढायची घरे मिळून ६ लाखांहून अधिक फिरती घरे कारखान्यांतून बाहेर पडली.

अशी गाडी घेणाऱ्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ. नोकरीची वर्षे संपलेली, मुले आपापल्या संसारात रमलेली. काही जण तर राहते घर विकून तिच्यात कायमचे राहायला जातात. नव्या गाडीचा पहिला पाऊस हीच तिची खरी परीक्षा. छताच्या सांध्यातून पाणी ठिबकते. बाहेर सरकणारी खोली अर्ध्यावर अडकते. तरीही सुरुवातीला कोणी खचत नाही, कारण हाती वर्षभराच्या हमीचा कागद असतो.

त्या कागदाचे वाचन हा एक स्वतंत्र अनुभव आहे. गाडीचा सांगाडा व इंजिन एका कंपनीचे, त्यावरचे घर दुसरीचे. फ्रीज, जनरेटर, वातानुकूलन यंत्र यांचे निर्माते आणखी निराळे. प्रत्येकाची हमी वेगळी. विक्रेत्याने दोष तपासायचा, छायाचित्रे पाठवायची, निर्मात्याची मंजुरी मिळवायची, मग सुटा भाग मागवायचा. दुसऱ्या गावच्या विक्रेत्याकडून घेतलेली गाडी असेल, तर रांगेतले तिचे स्थान आणखी मागे. यात लबाडी असतेच असे नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता खरा बोलत असतो, आणि गाडी मात्र वर्कशॉपच्या आवारात उभी असते.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही असे नव्हे. १९७५ च्या ‘मॅग्नसन-मॉस’ कायद्याने अमेरिकेत ‘पूर्ण’ आणि ‘मर्यादित’ हमी असा भेद केला. पूर्ण हमी देणाऱ्याने वाजवी मुदतीत विनामूल्य दुरुस्ती करावी आणि वाजवी प्रयत्नांनंतरही ती न साधल्यास पैसे परत द्यावेत अथवा वस्तू बदलून द्यावी, असा दंडक आहे. म्हणूनच बहुतेक कागदांवर ‘मर्यादित’ हे विशेषण ठळकपणे छापलेले आढळते. सदोष मोटारीला तेथे ‘लेमन’ म्हणतात. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधणाऱ्याला या शब्दाची गंमत वाटेल. कनेटिकटने १९८२ मध्ये केलेल्या अशा कायद्यानंतर इतर राज्यांतही ‘लेमन लॉ’ आले. मात्र मोटारहोमच्या बाबतीत अनेक राज्यांच्या या कायद्यांनी चालणारा भाग तेवढा आपल्या छत्राखाली घेतला आणि राहण्याचा भाग वगळला. चाकांना जे संरक्षण मिळते, ते गळक्या छपराला मिळत नाही. वाहन आणि घर यांचा जो मेळ पाहून माणसाने ती वस्तू घेतली, तो मेळच कायद्याने मोडला.

कॅलिफोर्नियाचा १९७० चा ग्राहक-हमी कायदा अधिक समंजस वाटतो. दुरुस्ती साधारणतः ३० दिवसांत पुरी व्हावी, आणि वस्तू दुरुस्तीसाठी जितके दिवस अडकून पडेल तितके दिवस हमीच्या मुदतीत मोजू नयेत, असे तो सांगतो. वाट पाहण्यात गेलेला काळ हाही हानीचाच भाग आहे, याची ही कबुली होय.

परंतु कागदाची मुदत लांबवता येते, माणसाची नाही. पासष्टीच्या गृहस्थाचे गुडघे, त्याच्या पत्नीची रात्री गाडी चालवतानाची नजर यांना कोणी अशी सवलत देत नाही. एक उन्हाळा आवारात गेला की पुढचा उन्हाळा येतो खरा. पण त्या उन्हाळ्यात घाट चढण्याची उमेद तितकीच राहील याची शाश्वती नसते. ज्यांनी घर विकले त्यांची अवस्था अधिक बिकट. गाडी आत घेतली की त्यांचे घरच आत जाते. मग परक्या मोटेलची खोली, आणि तिच्या भाड्यासारखी आनुषंगिक हानी बहुधा हमीतून वगळलेली.

आपण धीराने वाट पाहिली तर वस्तू नीट होईल, ही श्रद्धा साऱ्याच ग्राहकांची असते. तरुणाला ती परवडते. उतारवयातला माणूस धीर धरतो तेव्हा तो मोजक्या दिवसांतले दिवस देत असतो. दुरुस्तीच्या पावतीवर मजुरी लिहिली जाते, सुट्या भागाची किंमत लिहिली जाते. त्या दिवसांसाठी मात्र रकाना नसतो. हमीतील काम म्हणून एकूण रक्कम शून्य दाखवली जाते, आणि वृद्ध ग्राहक त्याखाली सही करतो.