शॉर्ट लेगला उभा राहिलेला माणूस

पुण्यातल्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी जेवताना विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "शाळेत असतात." सगळ्यांनी शिक्षक असतील असं धरलं. मी धरू दिलं.

पप्पा माजलगावातल्या एका शाळेत शिपाई होते. मी तिथेच शिकलो. तास संपला की पप्पा घंटा द्यायचे आणि पोरं माझ्याकडे बघायची. घरी 'कामून' म्हणायचं, वर्गात 'का'. पुढे इंजिनिअरिंगला इंग्रजी आलं. कुठे कोणती भाषा काढायची, याची मला सवयच झाली.

एकदा रात्री सर्व्हरचं काम रखडलं होतं. मोबाइल चाळताना एक जुना फोटो दिसला. १९७१, ओव्हल. इंग्लंडच्या अ‍ॅलन नॉटच्या बॅटपाशी एक माणूस आडवा झेपावलाय. एकनाथ सोलकर. त्या डावात इंग्लंड १०१ वर गारद झाला आणि भारताने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली.

बेसबॉलमध्ये बेसपाशी उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या हातात जाड चामडी ग्लोव्ह असतो. सोलकर त्याहून कितीतरी जवळ, उघड्या हातांनी उभे राहायचे. डोक्यावर हेल्मेटही नाही. २७ कसोटींत ५३ झेल.

मी मात्र अडकलो ते त्यांच्या लहानपणात. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी होते, मैदानाची देखभाल करायचे. घर तिथेच, आवारात. एका बाजूला मरीन ड्राइव्हवरचा जिमखाना, दुसऱ्या बाजूला माळ्याचा संसार. लहानगा एकनाथ सामन्यांच्या वेळी स्कोअरबोर्डवरचे आकडे बदलायचा. दुसऱ्यांच्या धावांचे. १९७५ मध्ये, तिथून चालत जाता येईल अशा वानखेडेवर, त्याने वेस्ट इंडिजविरुद्ध १०२ केल्या. कसोटीतलं त्याचं एकमेव शतक.

वाटलं, याला लपवायची सोयच नव्हती. बाप काय करतो, ते मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. माझ्याकडे मात्र एसटीच्या एका रात्रीचं अंतर होतं. ते मी आयतं वापरलं.

यंदा पप्पा रिटायर झाले. निरोपाला गेलो. शेवटची घंटा त्यांनीच दिली, नेहमीसारखी, घड्याळ बघून. मी फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला : 'पप्पा. शाळेत शिपाई होते. आज रिटायर झाले.' 'शिपाई' हा शब्द दोनदा खोडून परत लिहिला.

बरेच हार्ट आले. एकाने विचारलं, "अरे, तू टीचर म्हणाला होतास ना?"

तसं मी म्हणालो नव्हतो. पण उत्तर लिहिलं, "हो. चुकलं माझं."