अमडापूरच्या रस्त्यावरचा वूफर

चिखलीहून खामगावकडे निघालात की वाटेत अमडापूर लागते. बल्लाळदेवीचे गाव म्हणून ते भागात ओळखले जाते. आजूबाजूला सोयाबीन, तूर, कपाशीचे रान. रस्त्याच्या कडेला थोडे थांबा आणि डोळ्यांपेक्षा कानांनी पाहा. काचा चढवलेली एखादी मोटार जाते, तिच्यातला ठेका छातीत धमधमतो. मागून ट्रॅक्टर येतो. त्यावरही तेवढाच मोठा वूफर असतो, पण आवाज फाटका, खरखरीत. असे का व्हावे? पोरांना या यंत्राचे वेड आहे, तेव्हा थोरांनीही ते समजून घ्यावे.

वूफरच्या तोंडाशी बहुधा कागदाचा काळा शंकू असतो. सपाट कागद हातात लवतो, पण त्याचीच फुटाण्याची पुडी वळली की ती ताठ राहते. वूफरला असाच हलका पण न लवणारा शंकू लागतो. त्याच्या बुडाशी तांब्याच्या तारेची गुंडाळी लोहचुंबकाच्या खाचेत असते. गाण्याबरोबर तारेतला विद्युतप्रवाह उलटसुलट होतो, गुंडाळी मागेपुढे होते आणि शंकूला हलवते. डफाचे कातडे कडेला ताणलेले असते, ते मध्ये लवते. शंकूने मात्र लवायचे नाही. पंपाच्या दट्ट्यासारखे अख्खे आतबाहेर व्हायचे. म्हणून त्याची कड रबराची, सैल असते. मागे गुंडाळीला मधोमध धरणारी चुणीदार चकती पुष्कळदा राळेने कडक केलेल्या सुती कापडाची असते. खामगावच्या बाजाराला जाणाऱ्या कापसाचे वूफरशी असे नाते आहे! हलणारी गुंडाळी आणि कागदी शंकू ही जोडी अमेरिकेत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली पुढे आणली. आजही मूळ रचना तीच आहे.

आता मोटार आणि ट्रॅक्टर यांतला फरक पाहू. स्वर जितका खर्जातला, तितकी हवा जास्त ढकलावी लागते. सेकंदाला ८० कंपनांऐवजी ४० कंपनांचा स्वर तेवढ्याच जोराने काढायचा, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून वूफर १०-१२ इंची असतो. शंकू पुढची हवा दाबतो तेव्हा मागची हवा ओढतो. दोन्ही मिसळल्या तर खर्ज मरतो, म्हणून त्याला पेटीत बसवतात. ४० कंपनांच्या लाटेची लांबी सुमारे साडेआठ मीटर. मोटारीची बंद जागा त्याहून कितीतरी लहान. तिथली हवा निसटत नाही, आणि थोड्या हालचालीतही दाब चढतो. ट्रॅक्टरला भिंती कुठे? बांध नसलेल्या वावरात पाणी सोडावे तसा खर्ज चहूकडे पांगतो. मग चालवणारा आवाज वाढवतो, गुंडाळी तापते, शंकू ठोकरतो आणि शेवटी फाटतो.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ३०० वॅट ओढले, तर २५ अँपिअर प्रवाह लागतो. इंजिन बंद ठेवून वाजवले, तर ७५ अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने तीन तासांत रिकामी होते. स्टार्टर त्याआधीच रुसतो, तोही ऐन पेरणीत. कानांचे त्याहून वाईट. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, ही मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरचे इंजिनच पुष्कळदा या मर्यादेपर्यंत नेते. त्यावर वूफरची भर पडली, तर आतल्या कानातल्या बारीक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. शिवाय ट्रॅक्टर मागे घेताना लेकराची हाक ऐकू आली नाही तर?

तेव्हा ट्रॅक्टरवर गाणे हवेच असेल, तर रबरी कडेचा लहान स्पीकर घ्या. घेताना तो बंद ठेवून शंकू दोन्ही हातांनी हलकेच, सारखा दाबून पाहा. तो सरळ आत जावा. खरखर लागली तर गुंडाळी वाकडी बसली आहे, घेऊ नका. कागदी शंकू पावसापासून जपा. आणि आवाज एवढाच ठेवा, की मागून कुणी हाक मारली तर ती कानी पडावी.