तोंड माझं हाय

आमच्या कोपरखैरण्यात कुणाच्या आजारपणाची बातमी शेजारच्या दाराआधी गावाला पोचते. इथल्या माथाडींच्या घरांत पाटण, जावळी, कराडकडची माणसं फार. 1980 च्या दशकापासून मशीद बंदरचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आला आणि बाजारामागून तीही खाडी ओलांडून इकडे आली. माझे वडील, अप्पा, त्यातलेच. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे बोर्डात नाव, फंड, पगार सगळं मिळालं, पण पाठीवरची गोण काही उतरली नाही. पाठीवर गोण आणि गालात तंबाखूची चिमूट, असं आख्खं आयुष्य कांदा-बटाटा मार्केटात गेलं.

त्याच गालात आतून जखम झाली. भरेना. तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "बाबांना जरा बाहेर बसवा." अप्पा मुकाट्याने बाहेर जाऊन बसले. आपल्याकडे पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचाच. त्यामुळे डॉक्टरांना नवल नव्हतं. त्यांनी चार मिनिटांत सगळं सांगितलं, तेही मला.

पुण्याहून दादाने फोनवरच निकाल दिला, "अप्पांना एवढ्यात काही बोलायचं नाही. खचतील." आईने मान डोलावली. माझं मत वेगळं होतं, पण लग्न झालेल्या मुलीच्या मताला अशा वेळी केवढं वजन असतं ते सांगायला नको. त्यांना 'उष्णता झालीय' असं सांगायचं ठरलं. रात्रीपर्यंत कराडच्या मामाला कळलं, घणसोलीच्या आत्याला कळलं, टोळीच्या जुन्या मुकादमालाही कळलं. दुसऱ्या दिवसापासून जो तो शहाळं घेऊन हजर. गुलकंदाच्या बरण्या आल्या. कुणी सब्जा आणला. अप्पांच्या पुढ्यात बसून लोक पावसावर, कांद्याच्या भावावर बोलायचे आणि निघताना जिन्यात आईचा हात धरून रडायचे.

पुढच्या उपचारांसाठी आम्ही खारघरला, टाटा मेमोरियलच्या केंद्रात गेलो. परळचं मूळ रुग्णालय 1941 चं. खारघरच्या आवारातही गर्दी तशीच, राज्याराज्यांतून आलेली. एवढ्या गर्दीत कोण कशाला बोलत बसेल, असंच मला वाटलं होतं. फाइल मी पुढे केली. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी फाइल घेतली, पण खुर्ची वळवली ती अप्पांकडे.

"बाबा, तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?"

"उष्णता."

"रिपोर्टात त्याहून जास्त आहे. तुम्हाला सांगू, का ताईंना सांगू?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तोंड माझं हाय. मला सांगा."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कॅन्सर हा शब्द वापरूनच सांगितलं. कागदावर गाल काढला, कुठून किती कापावं लागेल त्याची रेघ मारली, आणि शेवटी म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत?" अप्पांनी सगळं बरोबर सांगितलं, फक्त मानेतल्या गाठी काढायचं राहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी तेवढंच पुन्हा समजावलं. वेळ फार गेला असंही नाही.

रिक्षात बसल्यावर अप्पांचा आवाज चढला. आजारावरून नव्हे. "तुझ्या मामाला ठावं हाय, मुकादमाला ठावं हाय, आन मलाच न्हाई?" लग्नाची पत्रिका भलत्या क्रमाने वाटली तर जसा मान दुखावतो, तसे ते दुखावले होते. पुढे कितीतरी दिवस मामाच्या फोनला त्यांनी उत्तर दिलं नाही. घरच्यांना वाटत होतं, कळल्यावर ते खचतील. ते चिडले, आणि चिडलेला माणूस जेवतो, हेही आम्ही पाहिलं.

नंतर मी थोडं वाचलं. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत म्हटलंय की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. पण कुणाला सांगावं तिथे रुग्ण, नातेवाईक आणि जबाबदार मित्र एकाच ओळीत बसवलेत. आपल्या घरांनी त्यातला सोयीचा तेवढा उचलला. संमतीचं मात्र स्पष्ट आहे. शुद्धीवरच्या सज्ञान माणसाची संमती त्याचीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात ठरवून दिलं. एमबीबीएसच्या मुलांना 2019 पासून रुग्णाशी बोलायचं कसं हेही अभ्यासक्रमात शिकवतात. नातेवाइकांसाठी तसा वर्ग अजून कुणी काढलेला नाही.

ऑपरेशनच्या फॉर्मवर सही अप्पांनी केली.

ऑपरेशननंतर मानेत श्वासाची नळी, नाकात जेवणाची. आवाज बंद. सिस्टर केरळच्या, हिंदीत विचारायच्या, "दस में से कितना दर्द?" पाटी दिली होती, पण अप्पांना लिहायचा कंटाळा. बाजारात पूर्वी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदे व्हायचे. हमाली करता करता अप्पांनी ते उभ्या आयुष्यात पाहिलेले. त्यांनी चादरीखाली माझा हात ओढला आणि चार बोटं दाबली. मी सिस्टरना सांगितलं, "चार." इंजेक्शननंतर दोनच दाबली. आई बघत होती. तिला वाटलं, काहीतरी पैशाचं चाललंय, आणि ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "काय म्हणतायत? कुणाला द्यायचेत?" अप्पांना हसता येत नव्हतं, तरी खांदे हलले.

मग शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं ठरलं. ऑपरेशननंतरचा शेक साधारण 6 आठवडे, आठवड्यातून 5 दिवस. या वेळी फाइल अप्पांच्याच मांडीवर होती. बोलणं बोबडं, पण प्रश्न त्यांनीच विचारला. चैतात गावची यात्रा येते, मधे चार दिवस सोडले तर चालेल का? डॉक्टर म्हणाल्या, नाही चालणार. खंड पडला की गुण कमी येतो. दादा फोनवर होता, तो लगेच म्हणाला, "गावाकडं मी कळवतो." अप्पांनी मान हलवली आणि आबांचा नंबर लावून द्यायला मला सांगितलं. आबा त्यांचे धाकटे भाऊ, गावीच असतात. पहिल्यांदा त्यांना शब्द कळेनात. अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि सावकाश पुन्हा सांगितलं, "शेकाच्या तारखा लागल्यात. पालखीला मी न्हाई. वर्गणी दादाकडनं घे, आन पावती माझ्या नावाची फाड."