खुर्चीतला खेळ
(भाट्ये ते मुंबई : भाग पहिला)

रविवार, ८ मार्च २०१५, भाट्ये
दुपारी पडवीत कॅरम रंगला. आमच्याकडे मानांकन स्पर्धा म्हटलं की कॅरमची. मी निघालोय स्नूकरच्या मानांकन स्पर्धेला, म्हणून टिंगल झाली. "चेंडू ढकललेले बघायला मुंबई कशाला गाठायची?" अण्णांनी स्ट्रायकर घासत विचारलं. संध्याकाळी रिक्षाने खाडीवरचा पूल ओलांडला आणि रात्री कोकणकन्या पकडली.

सोमवार, ९ मार्च, वाकोला
पहाटे ताईकडे पोचलो. ही स्नूकरची स्पर्धा, 'इंडियन ओपन', जवळच ग्रँड हयात हॉटेलात आहे. पात्रता फेरी इंग्लंडमध्येच उरकली होती. भाचा सोबत आला.
गेल्या वर्षीपासून क्रमवारी पैशांवर लागते. दोन वर्षांत जिंकलेल्या बक्षिसांची पौंडांत बेरीज, हेच मानांकन. इथल्या विजेत्याला ५० हजार पौंड आहेत. हंगाम संपताना पहिल्या ६४ जणांत असलेल्यांची जागा पक्की; बाकीच्यांवर व्यावसायिक वर्तुळाबाहेर जायची पाळी येऊ शकते. त्यामुळे पहिल्या फेरीतल्या अनोळखी खेळाडूचा चेहरा अंतिम सामन्यातल्यासारखा ताणलेला असतो.

मंगळवार, १० मार्च
टेबल बारा फूट बाय सहा फूट. हिरव्या कापडाखाली पाटीचा दगड, आणि कापड कोरडं राहून चेंडू सुसाट पळावा म्हणून दगड खालून तापवलेला. एक लाल चेंडू पाडायचा, मग एक रंगीत, पुन्हा लाल. पंधरा लालांबरोबर दर वेळी काळाच घेतला आणि शेवटी सगळे रंगीत उचलले, तर १४७ गुण. पांढरे हातमोजे घातलेला पंच गुण पुकारतो, बाकी चिडीचूप.
"मामा, तो दुसरा नुसता बसलाय का?"
त्याची पाळीच नव्हती. कॅरममध्येही समोरचा थांबतो, पण बोर्ड त्याच्या हाताखाली असतो, सोंगट्या नाकासमोर. इथे त्याला टेबलापासून दूर खुर्चीत बसवतात. हातात क्यू, शेजारी पाण्याचा पेला. समोरच्याने ब्रेक रचला, म्हणजे एकाच पाळीत सलग चेंडू पाडत गेला, की अख्खी फ्रेम, म्हणजे अख्खा डाव, तिथूनच बघायचा.

गुरुवार, १२ मार्च
काल दिवसभर सेफ्टीच पाहिली. चेंडू पाडायला जमणार नसेल तर ज्याने बाकीचे मारतात तो पांढरा चेंडू पार दुसऱ्या टोकाला, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचा आणि समोरच्याला काही सोडायचं नाही. अण्णा क्वीन घेता येत नसली की हेच करतात. फरक एवढाच की इथे पांढरा चार बोटं जास्त सरकला तर पुढची दहा मिनिटं खुर्ची.
हा खेळ १८७५च्या सुमाराला जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने काढला असं मानतात. भाच्याला ते खरं वाटेना. त्याच्या लेखी हा इंग्लंडचा खेळ.

शुक्रवार, १३ मार्च
अंतिम सामना, नऊ फ्रेमांचा. रिकी वॉल्डन तीन मानांकन स्पर्धा जिंकलेला. वेल्सचा मायकेल व्हाइट तेवीस वर्षांचा, एकही न जिंकलेला. व्हाइट ५-० ने जिंकला.
२०१३ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या इंडियन ओपनचा अंतिम सामनाही ५-० असाच संपला होता. तिथे मुंबईचा आदित्य मेहता मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय ठरला आणि डिंग जुनहुईपुढे त्याला एकही फ्रेम मिळाली नाही. तो आकडा वाचून मला तेव्हा धुलाई वाटली होती. आज टेबलाजवळून पाहिल्यावर कळलं, की शून्य मिळवणारा माणूसही अंतिम फेरीपर्यंतच्या वाटेवर अनेकांना खुर्चीत बसवून आलेला असतो. आणि बहुतेक वेळा खुर्चीत धाडतो तो आपलाच आधीचा फटका. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणतील, मग वेगळं काय पाहिलंस?
उद्या बिलियर्ड्सच्या एका जुन्या जगज्जेत्याच्या शोधात चर्चगेटला, क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये (सीसीआय). एक परिचित सभासद आत नेणार आहेत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. त्यांच्याविषयी पुढच्या भागात.