छिद्र कोठें असावें?

हवा भरलेला रबरी टायर आज साऱ्या जगाचीं वाहनें वाहून नेतो. परंतु व्यवहारांत तो आला एका लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीवरून, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या सायकलीस असे टायर करून बसविले आणि १८८८ सालीं त्या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें दहा वर्षांनीं, १८९८ सालीं, निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें तारेवांचून, केवळ रेडिओच्या लहरींच्या आज्ञेनें वळणारी एक लहान नौका लोकांस दाखविली. टायर आणि रेडिओ या दोहोंचा संयोग पाहावयाचा असेल तर वाचकांनीं आमच्या मुलुंडच्या घरीं यावें. आमच्या अकरा वर्षांच्या नातवाजवळ, खऱ्या ट्रकाच्या एकदशांश आकाराचा, हातांतल्या यंत्रावरून दूर पळविण्याचा ट्रक आहे.

मौज अशी कीं, या ट्रकाच्या टायरांत हवा दाबून भरलेली नसतेच. आकार टिकावा म्हणून आंत स्पंजासारख्या फोमचें कडें असतें आणि टायरचे कांठ प्लास्टिकच्या रिमला घट्ट चिकटविलेले असतात. रिमला एक-दोन बारीक छिद्रें असतात. ट्रक उडी मारून आदळला म्हणजे टायर दबावा, आंतली हवा छिद्रांतून बाहेर जावी आणि टायर पूर्ववत् होतांना परत आंत यावी, अशी ही श्वासोच्छ्वासाची सोय आहे. उन्हाळ्यांत तिच्याबद्दल तक्रारीस जागा नाहीं. पावसाळ्यांत मात्र तेंच चाक पाण्यांत श्वास घेऊं लागतें! दबलेला टायर फुलतांना हवेऐवजीं पाणी ओढतो, पिचकारीचा दट्ट्या मागें घ्यावा तसें. आणि आंत आलेलें पाणी फोम पिऊन टाकतो. सूनबाईंच्या स्वयंपाकघरांतील काट्यावर असें एक ओलें चाक कोरड्याच्या जवळजवळ दीडपट भरलें. जड चाकांमुळें मोटर तापते, चारी चाकांत पाणी सारखें नसल्यानें ट्रक लटपटतो, फोम कुजून दुर्गंधि येते आणि आंसाच्या बेअरिंगांना गंज चढतो.

एवढ्यानें आम्ही लेखणी उचलली नसती. गेल्या आषाढांत फाटकाबाहेरच्या खोलगट रस्त्यावर पाणी सांचलें होतें. ट्रकानें कडेकडेनें दोन फेऱ्या नीट मारल्या; तिसऱ्या फेरींत चाकें जड होऊन तो मधोमध अडला. नातू चपला काढून पाण्यांत शिरला आणि ट्रक उचलून घेऊन आला. त्याच्या गुडघ्यास दोन दिवसांपूर्वीं खरचटलेलें होतें.

मुंबईकरांस याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु जखमेवाटे शरीरांत शिरतात. २००५ सालच्या जुलैंतील महापुरानंतर या रोगानें मुंबईंत अनेकांचे बळी घेतले. अशा पाण्यांतून चालावें लागलें तर ७२ तासांच्या आंत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असें महानगरपालिका सांगत असते. शिवाय पाण्याखालीं मॅनहोलचें झांकण जागेवर आहे कीं नाहीं, हें वरून कोणास दिसतें? नातवाला त्याच संध्याकाळीं डॉक्टरांकडे नेलें, त्यांनीं औषध दिलें आणि ईश्वरकृपेनें ताप आला नाहीं; पण पुढील पंधरा दिवस घरांतील कोणीहि त्याच्या कपाळाला हात लावल्याशिवाय निजलें नाहीं.

साहजिकच घरांत न्यायसभा भरली. चिरंजीवांचें मत पडलें कीं, दिवाळीपर्यंत ट्रक माळ्यावर टाकावा. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, हा ट्रक माळ्यावर गेला तर हा दुसऱ्या मुलांच्या ट्रकामागें पाण्यांत शिरेल, आणि तें आपल्याला कळणारहि नाहीं. त्यापेक्षां ट्रक अडणार नाहीं असें कांहीं करा." आमचा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला, बंदी घातलेली वस्तु मुलें सोडीत नाहींत, फक्त लपवितात, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. सूनबाईंचें म्हणणें आम्हांस पटलें. आठ दिवसांची मुदत ठरली.

चिरंजीवांनीं प्रथम सरळ मार्ग धरला. रिमचीं सर्व छिद्रें त्यांनीं बुजविलीं आणि कांठ पुन्हां चिकटविले. आंतली हवा कोंडल्यामुळें ट्रक चेंडूसारखा उड्या मारूं लागला. तें एक असो. चौथ्या दिवशीं एका चाकाचा कांठ केंसभर सुटला आणि तेवढ्या फटींतून पाणी आंत शिरलें. आतां त्याला बाहेर पडण्यास वाटच राहिली नव्हती. बाहेरून चाक कोरडें ठणठणीत, आणि हलवावें तों आंत डुचमळ!

कोडें सुटलें तें आमच्या कुटुंबाच्या एका प्रश्नानें. कपडे धुण्याच्या यंत्राशीं उभ्या राहून त्या म्हणाल्या, "अहो, या पिंपाला भोंकें आंसापाशीं असतात कीं भिंतीला?" भिंतीलाच! चाक गरगर फिरूं लागलें म्हणजे आंतलें पाणी आंसाजवळ राहत नाहीं, परिघाकडे फेकलें जातें. चाकाची त्रिज्या ६ सेंटिमीटर आणि फेरे सेकंदास २० धरले, तर ट्रकाचा वेग तासाला सुमारें २७ किलोमीटर होतो आणि परिघावरचा प्रत्येक थेंब आपल्या वजनाच्या जवळजवळ ९७ पट जोरानें बाहेर रेटला जातो. हें गणित नातवानें आमच्याजवळ बसून स्वतः करून पाहिलें. रिमचें छिद्र आंसाकडच्या बाजूस. म्हणजे पाणी जिकडे धांव घेतें त्याच्या नेमकें उलट!

मग आम्हीं पुढीलप्रमाणें केलें. रिमचीं छिद्रें पाण्यानें न सुटणाऱ्या चिकटपट्टीनें बंद केलीं. टायरच्या नक्षींतील दोन उंचवट्यांमधल्या खांचेंत, मध्यरेषेवर, गिरमिटानें ३ मिलिमीटरचीं दोन छिद्रें पाडलीं. तोल बिघडूं नये म्हणून तीं एकमेकांच्या बरोबर समोर घेतलीं. आंत दाबाची हवा नसल्यानें टायर बसण्याचें भय नाहीं; मात्र हा प्रयोग कोणीं आपल्या सायकलीच्या वा मोटारीच्या टायरावर करूं नये! या छिद्रांतून पाणी आंत येतेंच. पण ट्रक डबक्याबाहेर येऊन चार हात पळाला कीं चाकांतून तुषार उडतात आणि चाकें हलकीं होतात. खेळ संपल्यावर ट्रक उचलून चाकें बेतानें फिरवावीं. फार वेगानें फिरविल्यास रबर फुगतें आणि फोम फाटतो. रात्रीं छिद्र खालीं येईल असें चाक ठेवावें आणि बेअरिंगांना तेलाचा थेंब द्यावा. नवे टायर घेतांना बंद पेशींचा फोम मिळाल्यास तो घ्यावा, कारण तो पाणी पीत नाहीं. विक्रेता 'वॉटरप्रूफ' म्हणतो तें बहुधा आंतील विद्युत्-उपकरणांपुरतें असतें, चाकांस लागू नसतें.

संस्कृतांत 'छिद्र' शब्दाचा अर्थ भोंक तसाच दोषहि होतो, आणि दुसऱ्याचे दोष हुडकणारास छिद्रान्वेषी म्हणतात. तीस-पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्यामुळें तें विशेषण आम्हांस परकें नाहीं. परंतु आपल्या पूर्वजांचें घटिकापात्र पाहा. त्याच्या बुडाला बारीक छिद्र असे. त्यांतून पाणी भरून पात्र बुडालें म्हणजे एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें, झाली असें समजत. भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या लग्नमुहूर्तासाठीं मांडलेल्या पात्रांत मोतीं पडून छिद्र बुजलें आणि मुहूर्त टळला, अशी आख्यायिका फैझीनें १५८७ सालीं केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतरांत आली आहे. ती खरी असो वा नसो. तिच्यांत अनर्थ घडला तो छिद्रानें नव्हे, छिद्र बुजल्यानें. छिद्र असणें हा दोष नव्हे. तें भलत्या ठिकाणीं असणें हा दोष होय.

या शहरालाहि तोच नियम लागू आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भरतीच्या वेळीं समुद्र नाल्यांच्या मुखांवर चढतो; तेव्हां दारें लावून त्याला बाहेर ठेवणें पुरेसें होत नाहीं, आंतलें पाणी उपसून बाहेर टाकावें लागतें. हाजी अली आणि जुहूजवळील ईर्ला येथील उदंचन केंद्रें याच कामासाठीं आहेत. आमच्या इमारतीमागील टेकडीची माती अडविणाऱ्या भिंतींतहि ओळीनें छिद्रें ठेवलेलीं आहेत. तीं पावसाळाभर गळतात म्हणून सिमेंटनें बुजवावीं, अशी सूचना यंदा सोसायटीच्या सभेंत आली होती. मातींत मुरलेल्या पाण्याचा भार भिंतीवर येऊं नये म्हणूनच तीं आहेत, हें आम्हीं टायरच्या दाखल्यानें सांगितलें, आणि सूचना मागें घेण्यांत आली.

असो. ट्रकाला आतां घरांत राहण्याची परवानगी आहे, ती दोन नियमांवर. आंसाच्या वर येईल इतक्या पाण्यांत ट्रक न्यावयाचा नाहीं, हा पहिला. ट्रक अडलाच तर पाण्यांत पाय घालावयाचा नाहीं. बांबूच्या आंकड्यानें ओढावयाचा, नाहीं तर पाणी ओसरेपर्यंत तेथेंच राहूं द्यावयाचा, हा दुसरा. पहिला नियम नातवानें आजवर तीनदां मोडला आहे. दुसरा एकदांहि मोडलेला नाहीं, आणि आम्हांस खरा हवा होता तो हा दुसराच.