उघडिपीचं ऊन

मृगात दोन चांगल्या सरी होऊन जाव्यात, कापूस दोन पानांवर यावा आणि मग पावसानं जी पाठ फिरवावी, त्या दिवसांतलं आमच्या कळसाडी गावचं ऊन मला कुठेही, बसल्या जागी आठवतं. वैशाखातल्या उन्हासारखं ते आडदांड नसतं. सातपुड्याच्या अंगावर ढग थबकलेले, त्यांच्या कडेनं निसटून आलेलं ओलसर, हळदुलं ऊन. दिसायला इतकं देखणं, की त्याचा धाक वाटतो हे परक्याला सांगून पटू नये. बाबा शेतात उकिडवे बसून बोटानं माती उकरायचे. वरची कोरडी पापडी फुटायची, खाली काळसर ओल लागायची. ती चिमटीत धरून ते नुसते दाबत राहायचे. चिकटली तर आणखी चार दिवस धीर. भुरभुरली तर दुबार पेरणी. आई काही विचारायची नाही, आणि तेच जास्त जड वाटायचं.

पुढे शिकायला बाहेर पडलो, सुलोचना गाडगीळांचं काम वाचनात आलं, आणि ते सगळं ऊन पुन्हा अंगावर आलं. पुण्याच्या सुलोचनाबाई हार्वर्डला उपयोजित गणितात रमल्या, समुद्रप्रवाहांची समीकरणं मांडत १९७० मध्ये डॉक्टरेट झाल्या. तिकडेच राहिल्या असत्या तरी कुणी बोल लावला नसता. पण १९७१ मध्ये त्या परतल्या आणि मोसमी पावसाच्या मागे लागल्या. आधी पुण्यात, मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासोबत उपग्रहाची रोजची चित्रं बघत त्यांनी ढगांचा माग काढला. १९८० मध्ये त्यांनी लिहिलं ते असं: विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा पट्टा जुळून येतो, उत्तरेकडे सरकत जमिनीवर चढतो, काही आठवड्यांनी मागून दुसरा निघतो. वाचता वाचता मी थांबलो. म्हणजे बाबा चिमटीत माती दाबत होते तेव्हा दूर दक्षिणेला, आमच्यापैकी कुणी कधी न पाहिलेल्या पाण्यावर, कदाचित आमचाच पाऊस गोळा होत होता! कुणीतरी हे आम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. पेरणी वाचली नसती. रात्री मात्र जरा बऱ्या गेल्या असत्या.

नंतर सुलोचनाबाई अनंतपूरकडच्या कोरडवाहू भुईमुगाच्या शेतकऱ्यांशी बोलत, पेरणी केव्हा केली तर पीक हाती लागेल याचं गणित मांडू लागल्या. मला त्यांचं हे काम सर्वांत जवळचं. बाबांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“भुईमूग तग धरतो रे,” ते म्हणाले. “कापसाचं काय म्हणतात बाई?”